विंडोचे चित्र, कमांडची साक्ष
(प्रस्तावना)

लखनौच्या अमौसी विमानतळावरून कानपूरच्या रस्त्याला लागले की सरोजिनी नगर येते. याच तहसिलीत उत्तर प्रदेश राज्य फॉरेन्सिक विज्ञान संस्था उभी राहिली आहे. १ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांच्या हस्ते तिची पायाभरणी झाली. रक्ताचा डाग, विष, बंदुकीची गोळी, हस्ताक्षर हे या शास्त्राचे जुने विषय. मुंबईत कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेतही पिढ्यान् पिढ्या हेच तपासले गेले. आता त्यांच्या पंक्तीला संगणक आणि मोबाइल येऊन बसले आहेत. या नव्या विषयातले सर्वांत साधे, रोज लागणारे आणि तरीही क्वचितच कुणी नीट शिकवलेले काम म्हणजे पडद्यावर या क्षणी जे दिसते आहे त्याचे चित्र घेऊन ठेवणे. हे पुस्तक त्या एका कामाविषयी आहे. त्यातही पडद्यावरची नेमकी एकच विंडो, आणि तीही माऊसने नव्हे तर टर्मिनलमध्ये कमांड लिहून कशी टिपायची, एवढाच त्याचा विषय.

मराठी वाचकाला सरोजिनी नगर दूरचे वाटेल. पण तिथल्या विद्यार्थ्याला आज जो कायदा पाठ करावा लागतो त्याची वाट जालन्यावरून गेलेली आहे. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर निवडून आले आणि कैलास गोरंट्याल यांनी त्या निवडीला आव्हान दिले. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीत दाखल झाला की नंतर, हा वादाचा मुद्दा होता. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचे चित्रण उपलब्ध होते. मात्र त्या चित्रणासोबत पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब प्रमाणे लागणारे प्रमाणपत्र नव्हते. तरीही मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवड रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निर्वाळा दिला की मूळ उपकरणच न्यायालयासमोर आणले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र हवेच. त्यापूर्वीच्या निकालांत हा मुद्दा कधी सैल झाला होता, कधी घट्ट. संसदेवरच्या हल्ल्याच्या खटल्यातल्या २००५च्या निकालाने तो सैल केला होता, २०१४च्या अन्वर प्रकरणाने आवळला होता, २०१८ मध्ये पुन्हा मोकळीक मिळाली होती. जालन्याच्या खटल्याने ती गाठ पक्की केली.

१ जुलै २०२४ पासून १८७२च्या जुन्या पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. त्याच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्राचा नमुना कायद्याच्या अनुसूचीतच छापलेला आहे आणि त्याचे दोन भाग आहेत : एक पुरावा सादर करणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. उपकरण कोणते हे त्यात लिहायचे असते. फाइलचा हॅशही द्यायचा असतो आणि तो कोणत्या पद्धतीने काढला, एमडी५, एसएचए१, एसएचए२५६ की आणखी कोणती, हेही नमूद करायचे असते. हॅश म्हणजे फाइलमधल्या प्रत्येक बिटावरून गणिताने निघणारा एक ठरावीक लांबीचा आकडा. चित्रातला एक ठिपका बदलला तरी सगळा आकडा बदलतो. म्हणूनच व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पुढे पाठवलेला स्क्रीनशॉट आणि मूळ स्क्रीनशॉट डोळ्यांना सारखे दिसले तरी त्यांचे हॅश जुळत नाहीत. वाटेत त्या चित्राचे पुन्हा कॉम्प्रेशन झालेले असते.

या सगळ्यातून मला एकच गोष्ट सांगायची आहे, आणि हे पुस्तक तिच्यासाठीच लिहिले आहे. पडद्याचे चित्र विश्वासाचे होते ते स्पष्ट दिसते म्हणून नाही. ते कसे घेतले हे सांगता येते, आणि दुसऱ्या कुणाला तसेच पुन्हा घेता येते, म्हणून होते. प्रिंट स्क्रीनचे बटण दाबल्याची खूण मागे राहत नाही. कमांड मात्र लिहिलेली असते. ती टर्मिनलच्या इतिहासात सापडते, स्क्रिप्टमध्ये ठेवता येते, अहवालात उतरवता येते, उलटतपासणीत वाचून दाखवता येते.

लखनौशी आपले नाते सांगायचे तर पं. विष्णू नारायण भातखंडे यांचे नाव आधी येते. त्यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये तिथे मॅरिस कॉलेज सुरू झाले. आज तेच भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय आहे. घराण्यांच्या गवयांकडून त्यांनी शेकडो बंदिशी मिळवल्या आणि स्वरलिपीत लिहून काढल्या. लिहिलेले स्वर म्हणजे गाणे नव्हे. पण ते लिहिलेले होते म्हणून शंभर वर्षांनंतरही दुसऱ्या शहरातला विद्यार्थी तीच बंदिश उभी करू शकतो. कमांडची ओळ पडद्यावरच्या चित्राला हीच सोय करून देते.

आता या क्षेत्राचा इतिहास. १९८१च्या आयबीएम पीसीवर प्रिंट स्क्रीन हे बटण नावाप्रमाणेच वागत असे. पडद्यावरची अक्षरे सरळ प्रिंटरवर जात. चित्र फाइलमध्ये ठेवण्याची कल्पना त्यात नव्हती आणि विंडो तर मुळात नव्हत्याच. ती कल्पना खऱ्या अर्थाने रुजली युनिक्सच्या जगात. मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीत १९८४ मध्ये एक्स विंडो सिस्टिम सुरू झाली आणि १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली, जिला आजही एक्स११ म्हणतात. एक्सच्या रचनेत प्रत्येक विंडोला स्वतःचा क्रमांक असतो आणि सगळ्या विंडो एका सर्व्हरच्या ताब्यात असतात. सर्व्हरला क्रमांक सांगितला की तो त्या विंडोचे ठिपके काढून देतो. या व्यवस्थेवर उभी असलेली एक्सडब्ल्यूडी, म्हणजे एक्स विंडो डम्प, ही या पुस्तकातली सर्वांत जुनी कमांड. ती क्रमांकाने विंडो घेते, नावाने घेते, नाही तर माऊसने दाखवलेली घेते. चौकटीसकट हवी असेल तर तसेही सांगता येते. सुरुवातीला ती एकदा घंटा वाजवते आणि काम संपले की दोनदा. हा आवाज नको असेल तर तोही बंद करता येतो. तिच्या जोडीची एक्सविनइन्फो ही कमांड विंडोचा क्रमांक, आकार आणि जागा सांगते. नवशिक्याने शिकायला सुरुवात इथूनच करावी असे माझे ठाम मत आहे, कारण विंडो म्हणजे काय हे या दोन कमांड जितके उघड करून दाखवतात तितके नंतरची कुठलीही गुळगुळीत साधने दाखवत नाहीत.

एक्सडब्ल्यूडीची फाइल कच्ची असते. ती बहुतेक कार्यक्रमांना उघडतही नाही. तिचे रूपांतर करणारी साधने लवकरच आली. त्यांतले सर्वांत टिकलेले म्हणजे जॉन क्रिस्टी यांनी १९८७ मध्ये ड्यूपाँ कंपनीत असताना सुरू केलेले आणि १९९० मध्ये सर्वांसाठी खुले झालेले इमेजमॅजिक. त्यातली इम्पोर्ट ही कमांड विंडो टिपून थेट पीएनजी फाइल तयार करते. पायथन शिकणाऱ्या अनेकांची तिच्याशी नकळत गाठ पडते : पायथनची फाइल चुकून शेलने, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांड वाचणाऱ्या कार्यक्रमाने, चालवली की पहिल्या ओळीतल्या इम्पोर्ट या शब्दाने हीच कमांड जागी होते, माऊसचा बाण क्रॉसच्या आकाराचा होतो आणि पडदा कुणाची तरी वाट पाहत थांबतो. काय घडले हे ज्याला कळते त्याला या विषयाचे निम्मे मर्म कळले. पुढे स्क्रॉट आणि मेम यांसारखी हलकी साधने आली. विंडो शोधून तिला पुढे आणणारी एक्सडूटूल आणि डब्ल्यूएमकंट्रोल त्यांच्या सोबतीला आली आणि लहानशा शेल-स्क्रिप्टमध्ये सगळे काम बसू लागले.

या जुन्या पद्धतीची एक मर्यादा होती आणि ती समजून घेण्यासारखी आहे. मूळ एक्समध्ये झाकलेल्या विंडोचे झाकलेले ठिपके कुठेच साठवलेले नसत. वर दुसरी विंडो असेल तर चित्रात तिचाच तुकडा येई. २००४च्या सुमारास आलेल्या कंपोझिट या विस्ताराने प्रत्येक विंडो आधी स्मृतीत वेगळी रंगवायची आणि मग पडद्यावर एकत्र मांडायची अशी सोय केली. त्यानंतर झाकलेली विंडोही संपूर्ण टिपता येऊ लागली. पुराव्याच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. पडद्यावर माणसाला जे दिसत होते आणि त्या विंडोत जे होते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अहवालात आपण कोणती टिपली हे लिहिलेच पाहिजे.

मॅकची रीत निराळी. तिथे स्क्रीनकॅप्चर नावाची एकच कमांड यंत्रासोबत येते आणि पर्यायांची अक्षरे जोडून ती हवी तशी वाकवता येते : एका अक्षराने कॅमेऱ्याचा आवाज बंद, एकाने विंडोभोवतीची सावली काढून टाकणे, एकाने क्रमांकावरून विंडो निवडणे. गैरसोय अशी की तो क्रमांक सांगणारी दुसरी कमांड सोबत मिळत नाही. त्यासाठी चार ओळींचा का होईना कार्यक्रम लिहावा लागतो. २०१९च्या कॅटालिना आवृत्तीपासून टर्मिनललाही स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्यावी लागते. ती दिली नसेल तर चित्रात भिंतीवरचा वॉलपेपर येतो आणि दुसऱ्या ॲपच्या विंडो येतच नाहीत. शिकणारा इथे हमखास अडतो आणि कमांडलाच दोष देतो.

विंडोज या नावाच्या प्रणालीत मात्र विंडो टिपणारी तयार कमांडच नाही. तिचा सगळा भर बटणांवर राहिला : ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबले की समोरची विंडो क्लिपबोर्डवर. कमांड हवी असेल तर पॉवरशेलमधून डॉटनेटच्या ग्राफिक्स सुविधेला हाक मारायची, नाही तर निरकमांडसारखे बाहेरचे साधन घ्यायचे. पॉवरशेलचा नेहमीचा मार्ग पडद्याचा एक चौकोन उचलतो, म्हणजे वर काही असेल तर तेही येते. विंडोज एक्सपीपासूनची प्रिंटविंडो ही सुविधा ॲपलाच स्वतःचे चित्र काढायला सांगते. पण ग्राफिक्स कार्डावर रंगवलेल्या विंडो तिच्यात पुष्कळदा काळ्या येतात. २०१८ मध्ये विंडोज १०च्या १८०३ या आवृत्तीत ग्राफिक्स कॅप्चर ही नवी सोय आली आणि ही अडचण बरीच दूर झाली. पडदा १२५ किंवा १५० टक्क्यांवर मोठा केलेला असेल तर मोजमाप चुकते आणि विंडोच्या कडा कापल्या जातात. सरकारी कार्यालयांतली बहुसंख्य यंत्रे विंडोजचीच असल्याने या भागावर पुस्तकात जास्त पाने गेली आहेत.

गेल्या पंधरा वर्षांतला मोठा वाद लिनक्सवर एक्सची जागा घेणाऱ्या वेलंडचा. क्रिस्टियान ह्योग्सबर्ग यांनी २००८ मध्ये तो प्रकल्प सुरू केला आणि फेडोरा लिनक्सच्या २५व्या आवृत्तीत, २०१६ साली, तो नेहमीचा पर्याय झाला. एक्समध्ये एका पडद्यावरचे कोणतेही ॲप दुसऱ्याची विंडो वाचू शकते. पासवर्ड टाइप होताना शेजारचे ॲप पाहू शकते, हा त्याचा सरळ अर्थ. वेलंडने ते दार बंद केले. आता चित्र हवे असेल तर डेस्कटॉपच्या पोर्टलकडे मागायचे आणि वापरकर्त्याने हो म्हणायचे. स्वे यासारख्या डेस्कटॉपवर ग्रिम आणि स्लर्प ही जोडी चालते. विंडोचे माप डेस्कटॉपकडून मागून घ्यायचे आणि तो चौकोन ग्रिमला द्यायचा. केडीई डेस्कटॉपवर स्पेक्टॅकल आहे आणि तेही कमांडने चालते. ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपने ४२ या आवृत्तीत, २०२२ मध्ये, स्क्रीनशॉटची सोय डेस्कटॉपमध्येच घेतली, आणि जुन्या स्क्रिप्टवर जगणारे नाराज झाले. त्यांची नाराजी मला समजते, तरी माझा कौल वेलंडच्या बाजूने आहे. न विचारता दुसऱ्याचा पडदा वाचता येणे ही सोय मोठी होती, पण धोका त्याहून मोठा होता.

याहून वेगळी अशी एक परंपरा आहे, जिला पडदाच लागत नाही. एक्सव्हीएफबी हा असा एक्स सर्व्हर आहे जो सगळे काही स्मृतीतच रंगवतो; मॉनिटर नसलेल्या यंत्रावरही ॲप उघडते, विंडो तयार होते आणि तिचे चित्र घेता येते. २०१७ मध्ये क्रोमच्या ५९व्या आवृत्तीत हेडलेस पद्धत आली आणि वेबपानांचे चित्रही एका ओळीत निघू लागले. पपेटियर आणि प्लेराइट ही नंतरची साधने त्याच वाटेने गेली. मोबाइलच्या बाजूला अँड्रॉइडची एडीबी आहे. केबल जोडून स्क्रीनकॅप ही कमांड चालवली की फोनचा पडदा संगणकावर पीएनजी होऊन येतो. बँकांची ॲप काळा पडदा देतात, कारण त्यांनी सुरक्षिततेचा झेंडा लावून कॅप्चर बंद ठेवलेले असते.

आता मी थोडा रेंगाळणार आहे, कारण पुढचा भाग आपल्या भाषेचा आहे. लिनक्सवर एखादे ॲप कोणत्या भाषेत उघडायचे हे एका पर्यावरण-चलाने ठरते. मराठीसाठी एमआर_आयएन, हिंदीसाठी एचआय_आयएन, कोकणीसाठी केओके_आयएन. म्हणजे शेलमध्ये एक लहानसे आवर्तन लिहिले की तीच विंडो, त्याच मापाची, एकामागून एक तिन्ही भाषांत उघडते, टिपली जाते आणि बंद होते. माऊसने हे काम करायला बसलेला माणूस दुपारपर्यंत थकेल. शिवाय दर वेळी विंडोचे माप थोडे वेगळे येईल आणि तुलना फसेल. भाषांतरकाराला यातून जे दिसते ते कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. बटणाची उंची इंग्रजीच्या हिशेबाने ठरलेली असेल तर वरची मात्रा आणि रफार कापला जातो. मेनूतला शब्द लांब झाला की त्याच्या शेवटी तीन ठिपके येतात. खाली उकार आणि ऋकार असलेली ओळ पुढच्या ओळीला चिकटते.

त्याहून बारीक गोष्ट अक्षरवळणाची. मराठीतला ल आणि श हिंदीतल्या वळणापेक्षा वेगळा. दोन्ही भाषांत प्रत्येक अक्षराचा युनिकोड एकच, वळण मात्र भाषेनुसार फॉन्टने निवडायचे असते. ‘दऱ्या’ आणि ‘सुऱ्या’ या शब्दांतला अर्धा र हाही आपला खास; ‘सूर्या’तल्या रफारापेक्षा तो वेगळा दिसलाच पाहिजे. तो नीट उमटतो की नाही हे फॉन्ट, आकारक इंजिन आणि ॲप या तिघांवर अवलंबून असते, आणि तिघांपैकी एक बदलला की काल बरोबर असलेले आज बिघडू शकते. पुण्यात रेड हॅटच्या कार्यालयातून लोहित या मुक्त फॉन्टमालिकेवर वर्षानुवर्षे काम झाले. मुक्त संगणकप्रणालींच्या मराठीकरणाचेही बरेच काम पुण्यातूनच झाले. अशा कामात दोष कळवायचा तर “र बिघडला आहे” असे लिहून भागत नाही. कोणती आवृत्ती, कोणता फॉन्ट, कोणती कमांड आणि तिने दिलेले चित्र, हे सगळे सोबत गेले तर परदेशातल्या, देवनागरी न वाचणाऱ्या प्रोग्रॅमरलाही दोष आपल्या यंत्रावर उभा करता येतो. मराठी पडद्यावर नीट दिसावी असे वाटणाऱ्या प्रत्येकाने ही एक कला शिकावी असे मला मनापासून वाटते.

महाराष्ट्रात संगणकसाक्षरतेचा मोठा प्रवाह २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएससीआयटी अभ्यासक्रमातून गेला. त्या निमित्ताने पडद्याची चित्रे असलेली मराठी पुस्तके घराघरांत पोहोचली. संगणकाचे पुस्तक लिहिणाऱ्याला एक दुःख कायम असते : ॲपची नवी आवृत्ती येते आणि पुस्तकातली सगळी चित्रे एका रात्रीत जुनी होतात. चित्रे हाताने घेतली असतील तर ती सगळी पुन्हा घ्यायला धीर होत नाही, आणि पुस्तक जुनेच छापले जाते. चित्रे स्क्रिप्टने घेतली असतील तर स्क्रिप्ट पुन्हा चालवायची.

आजच हे पुस्तक का, याचे उत्तर कायद्यात अर्धे आले आहे. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे अपेक्षित आहे. सरोजिनी नगरसारख्या संस्थांची गरज आता का वाढली आहे हे त्यावरून कळावे. पण पहिला स्क्रीनशॉट तज्ज्ञ घेत नाही. तो घेतो फसवला गेलेला माणूस, त्याचा मुलगा, सोसायटीचा सचिव, बँकेतला कारकून. १९३० या मदतक्रमांकावर फोन करताना किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरताना त्याच्या हाती जे असते तेवढ्यावर पुढचा तपास सुरू होतो. शेतकरी महाभूलेखवरचा सातबारा पडद्यावरून टिपून ठेवतो. तो पाहण्यापुरता असतो, कायदेशीर कामाला डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घ्यावा लागतो, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. कृत्रिम बुद्धिमत्तेने कोणत्याही ॲपचा हुबेहूब पडदा रंगवता येण्याच्या या दिवसांत नुसते चित्र पुढे करणाऱ्याची बाजू दिवसेंदिवस दुबळी होत जाणार.

दुसरी बाजू खासगीपणाची. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने रिकॉल ही सोय जाहीर केली. ती वापरणाऱ्याच्या पडद्याची चित्रे थोड्या थोड्या वेळाने आपोआप साठवणार होती. टीका इतकी झाली की कंपनीला ती पुढे ढकलावी लागली आणि बदलावी लागली. त्याआधी २०२३ मध्ये उघडकीस आले होते की पिक्सेल फोनवर कापलेल्या स्क्रीनशॉटच्या फाइलमध्ये कापलेला भाग अंशतः शिल्लक राहत होता आणि तो परत काढता येत होता. विंडोजच्या कात्रण-साधनातही तसाच दोष निघाला. पूर्ण पडदा घेऊन मग नको ते कापायचे, यापेक्षा हवी ती एकच विंडो टिपायची, हा या पुस्तकाचा आग्रह अशा अनुभवांतून आला आहे. दुसऱ्याच्या चॅटचे, रुग्णाच्या नोंदीचे, विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेचे चित्र घेताना आपण त्याची वैयक्तिक माहिती साठवतो आहोत, हे भान हवे; २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही याच विषयाचा आहे. झाकायचेच असेल तर धूसर करून झाकू नये, काळा ठोकळा भरावा. धूसर केलेले आकडे काही वेळा ओळखता येतात.

या पुस्तकाने काही गोष्टी जाणूनबुजून बाजूला ठेवल्या आहेत. पडद्याचे चलचित्रण, चित्रातून अक्षरे ओळखणे, चित्राची सजावट हे विषय यात नाहीत; प्रत्येकाला स्वतंत्र पुस्तक लागेल. वकिली सल्लाही यात नाही. प्रमाणपत्र कुणी आणि कसे भरायचे हे वकिलाला विचारावे. पुस्तक एवढेच पाहते की ते भरायची वेळ आली तर तुमच्याकडे लिहायला काही असेल. त्यासाठी एक शिस्त सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाळली आहे. चित्र पीएनजीतच घ्यायचे, कारण जेपीईजी अक्षरांच्या कडा खराब करते. फाइलच्या नावात तारीख आणि वेळ कमांडनेच घालायची. हॅश त्याच क्षणी काढून शेजारच्या फाइलमध्ये ठेवायचा. मूळ चित्राला हात लावायचा नाही. खुणा आणि बाण करायचे असतील तर प्रतीवर करायचे. अनुभवी वाचकाला हे सांगणे वारंवार आल्यासारखे वाटेल. नव्या वाचकाच्या हाताला ते वळण लागावे म्हणून मी ते कमी केलेले नाही.

हे पुस्तक प्रोग्रॅमरपुरते लिहिलेले नाही. टर्मिनलची काळी पाटी पाहून दबकणारे भाषांतरकार, शिक्षक, कनिष्ठ वकील, कार्यालयातले कर्मचारी, फॉरेन्सिकच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी हे सगळे माझ्या डोळ्यांसमोर होते. वाचताना यंत्र समोर असू द्या आणि प्रत्येक कमांड स्वतः टाइप करा. नुसती नजर फिरवून यातले फारसे हाती लागणार नाही. पहिले प्रकरण उघडण्याआधी एवढेच पाहून घ्या : मॅक असेल तर टर्मिनलला स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी दिली आहे का, विंडोज असेल तर पडदा किती टक्क्यांवर मोठा केलेला आहे, आणि लिनक्स असेल तर तुमचे सत्र एक्स११चे आहे की वेलंडचे. यांतले जे तुम्हाला लागू असेल ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण पुढची प्रत्येक कमांड निवडताना ते पुन्हा पाहावे लागेल.